पावसाळाभर बंद पडलेली बाबांची स्प्लेंडर घरीच कशी चालू केली

बाबांची गाडी २००३ ची स्प्लेंडर आहे, हिरो आणि होंडा एकत्र होते तेव्हाची, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग असलेली), किकवर चालू होणारी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, संगमेश्वर तालुक्यात जिथे एसटी दिवसातून एकदा यायची अशा वाड्यांवर त्यांच्या बदल्या झाल्या आणि त्या सगळ्या वर्षांत ते याच गाडीवर घाट्या चढले उतरले. यंदा उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी पडवीत लागली ती लागलीच. पुढे पावसाळा, कोकणातला पावसाळा म्हणजे भिंतीला ओल, कपाटातल्या कपड्यांना बुरशी, लोखंडाला तर विचारूच नका, आणि अशात गाडी एकदाही चालू केली नाही कोणी. मी पुण्याहून गणपतीला घरी गेलो तेव्हा किक मारून बघितली, घाम निघेस्तोवर मारली, गाडीने साधा हुंकार दिला नाही.

बाबांनी आधीच एका मेकॅनिकला फोनवर विचारून ठेवलं होतं. त्याने गाडी बघितली पण नाही आणि सांगितलं की कार्बोरेटर नवीन टाकावा लागेल, सीडीआय (योग्य वेळेला प्लगला ठिणगी द्यायला लावणारा इलेक्ट्रॉनिक डबा) पण गेलेला असणार, चार-साडेचार हजार धरून चला. मला ही पद्धतच पटत नाही, बिघाड कुठे आहे ते न शोधता एकेक पार्ट बदलत जायचं आणि ज्या पार्टला गाडी चालू होईल तो खराब होता म्हणायचं. त्यात जुने ओरिजनल पार्ट भंगारात जातात आणि त्यांच्या जागी जे येतं ते बऱ्याचदा त्यांच्याइतकं चांगलं नसतं. या गाडीचा कार्बोरेटर वीस वर्षं नीट चालला, तो पडवीत उभ्या उभ्या खराब कसा होईल? फार तर आत कचरा झाला असेल. म्हणून ठरवलं की घरीच खोलायची, आणि एकेक गोष्ट तपासून, पक्की करून मगच पुढे जायचं.

पेट्रोल इंजिनाला चालू व्हायला तीनच गोष्टी लागतात. करंट म्हणजे प्लगची ठिणगी, पेट्रोल-हवेचं मिश्रण, आणि कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब. या तिन्ही योग्य वेळेला मिळाल्या तर इंजिन चालू झालंच पाहिजे, त्याला दुसरा पर्यायच नाही. त्यामुळे बंद गाडीसमोर बसलं की प्रश्न एवढाच असतो की या तिघांपैकी कोण गैरहजर आहे. हे मला बाबांनीच शाळेत असताना शिकवलंय आणि आज पण पडवीत खुर्ची टाकून बसल्या बसल्या त्यांचं पहिलं वाक्य तेच होतं, "आधी करंट बघ. पेट्रोलच्या मागे नंतर लाग."

सामान फार काही नव्हतं. प्लग पाना, आठ ते चौदा नंबरचे पाने, फुलीचा एक चांगला स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, बारीक पॉलिश पेपर, पुण्याहून आणलेला मल्टिमीटर, कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे आणि सायकलचा पंप. स्क्रू ड्रायव्हरबद्दल मुद्दाम लिहितो, कार्बोरेटरचे स्क्रू मऊ असतात आणि त्यांची फुली खाल्ली गेली की मग ते ड्रिल करून काढायची वेळ येते, म्हणून फुलीत गच्च बसणारा, टोक न झिजलेला स्क्रू ड्रायव्हरच घ्यायचा आणि फिरवताना जोर फिरवण्यापेक्षा आत दाबण्यावर जास्त द्यायचा. आणि समईपासून लांब काम करायचं. घरात गणपती, ओटीवर चोवीस तास समई, त्यामुळे पेट्रोलचं सगळं काम मी पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला, वारा खेळता राहील अशा जागी केलं आणि आईला सांगून ठेवलं होतं की इकडे कोणी अगरबत्ती घेऊन फिरकायचं नाही.

बॅटरी पूर्ण उतरलेली होती, हॉर्न नाही, इंडिकेटर नाही. शेजारचा एक जण येऊन म्हणाला बॅटरी बदला, चालू होईल. पण या जुन्या मॉडेलला इग्निशनसाठी बॅटरी लागतच नाही, मॅग्नेटच्या कॉइलमध्ये किक मारल्यावर जी वीज तयार होते ती थेट सीडीआयला जाते. बॅटरी काढून ठेवली तरी गाडी किकवर चालू होते. नवीन फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचं तसं नाही, तिथे पंपाला आणि ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) बहुतेक वेळा बॅटरी लागते. म्हणजे बॅटरी हा विषय आपला नव्हता, बाजूला ठेवला.

मग प्लग काढला. प्लगवर हात ठेवायच्या आधी त्याच्या आजूबाजूची माती पंपाने उडवून टाकली, नाहीतर प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. प्लग काळा होता पण कोरडा. हा कोरडेपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे कारण एवढ्या किका मारल्यावर पेट्रोल आत येत असतं तर प्लग ओला, पेट्रोलचा वास मारणारा निघायला हवा होता. तेव्हाच मनात आलं की पेट्रोल पोचत नाहीये, पण बाबांनी सांगितलेला क्रम सोडला नाही. प्लग पॉलिश पेपरने साफ केला, टोकांमधली गॅप फिलर गेजने म्हणजे मोजायच्या पातळ पट्टीने बघितली, ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागते, ती बरोबर होती. प्लग परत कॅपमध्ये खोचला, त्याचे आटे हेडला टेकवून धरले, प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ आली तर भडका उडू शकतो, आणि चुलतभावाला किक मारायला सांगितली. करंट येत होता पण पिवळट, बारीक, आणि मधेच येईना. चांगला करंट निळसर असतो आणि त्याचा टिक टिक असा आवाज ऐकू येतो. हा तसा नव्हता.

आता इथे माणूस म्हणतो कॉइल गेली, सीडीआय गेला. मी आधी प्लगची कॅप बघितली. ती वायरीवर आट्यांनी बसलेली असते, उलटी फिरवली की निघते. निघाल्यावर दिसलं की वायरीच्या टोकाला तांब्याच्या तारा हिरव्या पडल्यात, बोट लावलं तर हिरवी पूड बोटाला लागली. कोकणातली हवा, दुसरं काय. कॅपच्या आत रेझिस्टर असतो तो मल्टिमीटरने मोजला, साधारण पाच किलोओहम दाखवायला हवं, तेवढंच दाखवलं आणि आकडा स्थिर होता, म्हणजे कॅप चांगली. मग वायरीचं टोक अर्धा सेंटीमीटर कापलं, आतल्या तारा चकचकीत तांबूस निघाल्या, कॅपच्या आतला स्क्रू पॉलिश पेपरने घासला आणि कॅप परत फिरवून घट्ट बसवली. पुन्हा प्लग हेडला टेकवला, किक, आणि दुपारच्या उजेडात सुद्धा दिसेल असा निळा करंट टिक टिक टिक. बाबा खुर्चीतून म्हणाले, "ऐकला मी. आता कॉम्प्रेशन."

कॉम्प्रेशनला मीटर लावायची गरज नव्हती, चावी बंद करून प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि हळू किक मारली तर अंगठा फट्‌कन उडाला. एवढं पुरे. व्हॉल्व्ह किंवा पिस्टन रिंगचं काही मोठं काम नाही हे कळल्यावर मला सगळ्यात जास्त हायसं वाटलं, कारण तिथे काही असतं तर घरच्या पान्यांचं काम नव्हतं.

आता राहिलं पेट्रोल. पण कार्बोरेटर खोलायच्या आधी एक साधी तपासणी असते जी मी कोणालाही करायला सांगेन. औषधाच्या सिरिंजमध्ये एक-दोन मिली ताजं पेट्रोल घेऊन प्लगच्या भोकातून आत सोडायचं, सांडलेलं पुसून घ्यायचं, प्लग बसवायचा आणि किक मारायची. ताजं पेट्रोल भावाने देवरुखहून आणलं होतं. केलं, आणि दुसऱ्याच किकेला गाडी फाट फाट फाट करून पेटली, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि वाळलेला कचरा उडाला, आणि दोन-तीन सेकंदात बंद. आजूबाजूची पोरं ओरडली चालू झाली चालू झाली, आई आतून बाहेर आली. मला जे हवं होतं ते त्या दोन-तीन सेकंदांत मिळालं. करंट आहे, करंटची वेळ बरोबर आहे, कॉम्प्रेशन आहे, हवा आहे, सायलेन्सर मोकळा आहे. म्हणजे सीडीआय अजिबात गेलेला नाही. टाकीपासून सिलिंडरपर्यंत पेट्रोल येत नाही, एवढीच एक गोष्ट उरली. चार-साडेचार हजारातला मोठा भाग तिथेच वाचला.

पेट्रोलचा मागोवा वरून खाली घ्यायचा. टाकीचा कॉक म्हणजे पेट्रोल चालू-बंद करायची तोटी, पाईप, कार्बोरेटर. कार्बोरेटरकडचा पाईप काढून त्याचं टोक काचेच्या बाटलीत सोडलं, कॉक ऑन केला तर थेंब थेंब, रिझर्व्हला केला तर बारीक धार. जे आलं ते बाटलीत तसंच ठेवलं आणि चहा घेऊन आलो. येऊन बघतो तर बाटलीत दोन थर! वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाण्यासारखं काहीतरी, बाटली हलवली की मधली रेघ हलायची पण दोन्ही मिसळायचे नाहीत, आणि तळाला गंजाचे बारीक कण.

याचं कारण सांगतो कारण ज्यांची जुनी गाडी गावाला उभी असते त्यांना हे माहीत असायला हवं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातले साखर कारखाने पण ते बनवतात, शेतकऱ्यांच्या दृष्टीने ते चांगलंच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत काही होत नाही, आठवड्याभरात टाकी रिकामी होऊन परत भरली जाते. पण उभ्या गाडीत, तेही आषाढ-श्रावणात कोकणात, टाकी अर्धी रिकामी म्हणजे आत दमट हवा, रात्री पत्र्याला आतून घाम सुटतो, ते सगळं पाणी इथेनॉल धरून ठेवतं आणि एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. कॉक तर तळालाच असतो. म्हणजे इंजिनाकडे पहिल्यांदा जातं ते हे. शिवाय २००३ च्या गाडीतली रबरं, वॉशर, पाईप हे इतक्या इथेनॉलसाठी बनवलेलेच नव्हते, ते फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. आमचा पेट्रोलचा पाईप वाकवला तर त्याला आडव्या चिरा दिसल्या, तो तर बदलणं भागच होतं.

टाकीतलं सगळं काढलं, कॉक खोलला, आत टाकीत उभी जाळीची नळी असते ती गंजाने लिंपली होती, दाताच्या जुन्या ब्रशने साफ केली. टाकीच्या आत टॉर्च मारून बघितलं तर तळाला आणि मागच्या कोपऱ्यात गंज होता पण पत्रा शाबूत. ताज्या पेट्रोलने टाकी दोनदा खळबळून घेतली. निघालेलं खराब पेट्रोल ओढ्यात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका, आमच्याकडे विहीर त्याच उतारावर आहे, मी ते डब्यात भरून झाकण लावून ठेवलं आणि नंतर बाजारात पार्ट धुणाऱ्या एका गॅरेजवाल्याला दिलं.

मग कार्बोरेटर. काढणं अवघड नाही, पाईप काढला, इनटेककडचे दोन बोल्ट, एअर फिल्टरकडची क्लिप, आणि वरची टोपी हाताने फिरवली की ॲक्सिलरेटरच्या वायरीबरोबर स्प्रिंग, स्लाइड आणि सुई अशी सगळी वरात बाहेर येते. ती वायरीला तशीच लटकत ठेवली आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळली. सुईला सगळ्यात जपायचं, ती वाकली की गाडी कधीच नीट ट्यून होत नाही. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढले. खाली जुना पांढरा टॉवेल अंथरला होता, पांढरा अशासाठी की बारीक स्क्रू किंवा पिन पडली तर दिसते, पडवीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडली असती तर संपलंच.

खालची वाटी खोलली. आतमध्ये जे होतं ते पेट्रोल म्हणवेना, गुळाच्या पाकासारखा चिकट तपकिरी थर, कडेला पांढरी पूड आणि पितळेच्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यांवर) हिरवट डाग. वास पण पेट्रोलचा नाही, जुन्या रंगाच्या डब्याचा असतो तसा आंबूस. फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याची) पिन हलक्या हाताने ढकलून फ्लोट काढला, त्याच्याबरोबर फ्लोटची सुई निघाली, तिचं रबरी टोक बघितलं तर त्याला गोल खाच पडलेली. मेन जेट काढून आभाळाकडे धरून बघितला, आरपार उजेड दिसला, थोडा काळवंडला होता पण मोकळा. पायलट जेट काढला, आभाळाकडे धरला, काहीच नाही. पूर्ण अंधार.

हा पायलट जेट म्हणजे पितळेची नखाएवढी नळी, तिच्या पोटात इतकं बारीक भोक असतं की शिवायची सुई पण जात नाही. गाडी चालू होताना आणि आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न देता चालू राहायला) लागणारं पेट्रोल याच भोकातून येतं, मेन जेटचा संबंध ॲक्सिलरेटर ओढल्यावर. म्हणजे पायलट बंद तर गाडी चालूच होणार नाही, बाकी कार्बोरेटर कितीही चांगला असला तरी. त्यात तार घालताना लोखंडी सुई किंवा सेफ्टी पिन वापरायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. मी जेट आधी स्प्रेमध्ये बुडवून रात्रभर एका झाकणाच्या डबीत ठेवला. सकाळी आरती झाल्यावर जुन्या चार्जरच्या वायरीतली तांब्याची एकच बारीक तार काढली, केसाएवढी, ती हळूहळू फिरवत आत घातली, अडली, परत स्प्रे, परत फिरवली, आणि एकदम आरपार गेली. पंपाने हवा मारली आणि आभाळाकडे धरला तर टाचणीच्या टोकापेक्षा लहान, पण गोल आणि स्वच्छ उजेडाचा ठिपका. बाबांना दाखवायला नेला, त्यांनी चष्मा वर करून एक डोळा मिटून बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले.

बाकीची साफसफाई पटापट झाली. कार्बोरेटरच्या अंगातली सगळी भोकं स्प्रेने आणि हवेने मोकळी केली, एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्या भोकातून बाहेर यायला हवा, तो येतोय ना ते प्रत्येक वाटेला बघितलं. स्प्रे मारताना डोळ्यांवर गॉगल लावा, तो भलत्याच भोकातून थेट तोंडावर येतो. एअर स्क्रू (मिश्रणाचं प्रमाण कमी-जास्त करणारा) काढायच्या आधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवलं, पावणेदोन झाले, बसवताना तेवढाच ठेवला. देवरुखच्या बाजारातून फ्लोटची सुई, वाटीचं रबर, इनटेकची ओ-रिंग, पेट्रोलचा पाईप आणि छोटा फिल्टर आणला, सगळं मिळून चारशेच्या आत.

स्लाइड बसवताना तिची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे यायला हवी आणि बाजूची खाच आतल्या पिनेवर बसायला हवी. बसली की ॲक्सिलरेटर सोडल्यावर टक्‌ असा आवाज येऊन स्लाइड खाली येते, हा आवाज ऐकल्याशिवाय गाडी चालू करायची नाही, नाहीतर चालू होताच इंजिन फुल रेसला जाऊ शकतं. सगळं बसवलं, ताजं पेट्रोल टाकलं, कॉक ऑन करून कार्बोरेटर भरेपर्यंत थांबलो, ओव्हरफ्लोच्या नळीखाली कागद ठेवला होता, कागद कोरडा, म्हणजे फ्लोटची सुई पेट्रोल नीट अडवतेय. चोक ओढला, किक. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरीला चालू! थोडी खोकली, मग आवाज धरला, चोक हळूहळू सोडला आणि चोकशिवाय उभी राहिली. बाबा कुबडी घेऊन उठले, जवळ आले, हँडलवर हात ठेवून नुसते उभे राहिले आणि मग ॲक्सिलरेटर थोडा फिरवून बघितला.

इंजिन दहा मिनिटं गरम होऊ दिलं आणि मग ट्यूनिंग केलं. ट्यूनिंग थंड इंजिनावर करून उपयोग नाही. एअर स्क्रू पाव पाव फेरा इकडेतिकडे करून जिथे इंजिन सगळ्यात वेगात आणि सगळ्यात सारखं चालतं तो बिंदू शोधायचा, मग आयडलचा स्क्रू कमी करून वेग खाली आणायचा, परत एकदा एअर स्क्रू, परत आयडल. हे कानाचं काम आहे आणि इथे बाबा माझ्यापेक्षा किती तरी पुढे आहेत, "थोडा मागे... अजून... बस, हात काढ," असं म्हणत त्यांनीच ते लावून घेतलं. ओ-रिंग नवी होती तरी इनटेकच्या जोडावर साबणाच्या पाण्याचे थेंब टाकून बघितले, तिथून हवा ओढली जात असेल तर आवाज बदलतो, तसं काही झालं नाही.

मला वाटलं काम झालं. संध्याकाळी गाडी घेऊन बाजाराकडे निघालो, चढ छान चढली, पिकअप मस्त, आणि तीन-चार किलोमीटरवर एकदम गुटर गुटर करून बंद. किक मारून चालू होईना. पाच-दहा मिनिटं थांबलो तर चालू झाली, परत थोडं अंतर जाऊन तेच. पेट्रोल संपल्यावर बंद पडते तशी बंद पडत होती, पण टाकीत पेट्रोल होतं. थोडं थांबलं की चालू होते म्हणजे पेट्रोल हळूहळू झिरपतंय. फिल्टर नवा, पाईप नवा, कॉक साफ. मग राहिलं काय? टाकीचं झाकण उघडलं तर सूं करून हवा आत ओढली गेली. तिथेच कळलं. टाकीतून जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते, त्यासाठी झाकणात एक बारीक वाट असते. ती बुजली की टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. झाकण नुसतं टेकवून ठेवलं आणि घरी परत आलो, एकदाही बंद पडली नाही.

घरी झाकण उलटं करून बघितलं. चावीच्या भोकावरची पत्र्याची टिकली कधीच तुटून गेलेली, आणि त्याच्या बाजूच्या भोकात वाळलेली माती, गुळगुळीत लिंपलेली. कुंभारीण! कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको, ही माशी पावसाळ्यात कडीच्या भोकात, बंद नळात, प्लगच्या सॉकेटमध्ये, जिथे म्हणून भोक दिसेल तिथे मातीचं घर बांधते. माती पाण्यात भिजवून काडीने काढली, आत हिरव्या अळ्या भरून ठेवलेल्या होत्या तिच्या पिल्लासाठी. झाकण धुतलं, पंपाने हवा मारली, तोंडाने फुंकून बघितलं, वाट मोकळी. हे कुठल्याही गॅरेजमध्ये पटकन सापडलं नसतं असं मला खरंच वाटतं, कारण गाडी गॅरेजच्या दारात व्यवस्थित चालली असती आणि बंद पडली असती ती तीन किलोमीटरवर. मग परत कार्बोरेटरलाच दोष.

त्यानंतर ऑईल बदललं, साधारण ९०० मिली लागतं, जुनं काळं झालं होतं पण दुधाळ नव्हतं, म्हणजे इंजिनात पाणी गेलेलं नाही. ब्रेकचे लायनर, चेन, सगळ्याला एकदा हात लावला, चेनला ग्रीस कमी होतं ते केलं. गौरीच्या दिवशी भाज्या आणि फुलं आणायला, पाहुण्यांना स्टॉपवरून आणायला गाडी सतत पळत होती. विसर्जनानंतर प्लग परत काढून बघितला, टोक बदामी रंगाचं, ना काळं ना पांढरं, म्हणजे मिश्रण बरोबर लागलंय. बाबांनी प्लग हातात घेऊन फिरवून बघितला आणि त्यांच्या त्या जुन्या वहीत, जिच्यात २००३ पासूनचं प्रत्येक ऑईल आणि प्रत्येक टायर तारखेसकट लिहिलंय, त्यात स्वतःच्या अक्षरात नोंद केली, 'पायलट जेट साफ. टाकीचे झाकण साफ.'

डॉक्टरांनी बाबांना किक मारायला अजून परवानगी दिलेली नाही, तोवर चुलतभाऊ रविवारच्या बाजाराला गाडी नेतो. त्याला दोन गोष्टी सांगून आलोय, टाकीत थोडं थोडंच पण ताजं पेट्रोल टाकत जा, आणि आठ दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेव म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो आणि पायलटमध्ये काही वाळत नाही. झाकणाला नवीन टिकली मिळाली नाही म्हणून सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा वरून सैल बांधलाय, हवा जाईल पण माशी जाणार नाही असा. टाकीतला गंज मात्र अजून पूर्ण गेलेला नाही, त्यासाठी टाकी उतरवून आतून नीट धुवावी आणि वाळवावी लागेल, ते दिवाळीला कोरड्या हवेत करणार. तोवर पाईपमध्ये लावलेला तो छोटा फिल्टर आरपार दिसणारा आहे, आतला कागद तपकिरी दिसायला लागला की बदल म्हणून भावाकडे आणखी दोन फिल्टर देऊन ठेवलेत.